मिसेस लमचं श्रुतलेखन

१

सोमवारी सकाळी कचेरीत गेलेला ट्रँटर चहा निवायच्या आत परत आला. कॉस्मो ट्रँटर हा आमच्या बंदरावरच्या कस्टम्स कचेरीतला कारकून. माझ्या खानावळीत मागच्या खोलीत राहायचा आणि रोज काही ना काही विसरून जायचा, म्हणून मी वळूनही पाहिलं नाही.

तो दारातच उभा राहिला. म्हणाला, "मिसेस ड्वायर, तिजोरी फोडलीय कुणीतरी. काल, लोक चर्चमध्ये असताना."

काय काय गेलं, असं मी विचारलं.

"तेच तर कळत नाही. सगळं जागच्या जागी आहे. फक्त मिसेस लमचा पेपर गेलाय."

पाव कापायची सुरी मी खाली ठेवली. तो पेपर लिहिला गेला तेव्हा त्या खोलीत चार मोठी माणसं आणि एक तान्हं मूल होतं, आणि ते मूल माझ्या मांडीवर होतं.

२

ही १९३६ सालची गोष्ट. पोर्ट मेरो हे ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडच्या उत्तर किनाऱ्यावरचं छोटं बंदर. साखर, लाकूड आणि भांडणं एवढाच माल तिथून बाहेर जायचा. त्या दिवसांत उसाचा गळीत हंगाम चालू होता. शेतं पेटवली की काळी राख उडून दोरीवरच्या चादरींवर बसायची, आणि समुद्राकडून येणारा वारा आठवडेच्या आठवडे थांबायचं नाव घ्यायचा नाही. त्या वाऱ्यानं माणसं उगाच चिडचिडी व्हायची.

धक्क्याजवळच्या किराणा दुकानाचा मालक विली लम फून. जन्म इथलाच, इंग्रजी आमच्यासारखीच, नाकातून बोलायचा. त्याची बायको युएत सिम मात्र हाँगकाँगहून बोटीनं आलेली, तात्पुरत्या परवान्यावर. परवान्याची मुदत संपत आली आणि मध्येच मेबल जन्मली. बाप इथला, मुलगी इथली, आई तेवढी परकी. वरून हुकूम आला की बाईंची परीक्षा घ्या.

ही परीक्षा कसली, ते सांगायला हवं. १९०१ साली इथल्या वसाहती मिळून देश एक झाला, त्याच वर्षी हा कायदा झाला. त्यात कुणाच्या रंगाचा उल्लेखही नाही. कायदा म्हणतो, अधिकारी पन्नास शब्दांचा उतारा वाचेल आणि आलेल्या माणसानं तो लिहून दाखवायचा. उतारा कुठल्या भाषेतला, ते अधिकारी ठरवेल. जो नको असेल त्याला न येणारी भाषा निवडायची, इतकं ते सोपं होतं. गोऱ्या माणसाला सहसा कुणी लिहायला बसवत नसे.

माझ्या टेबलावर या विषयावर रोज वाद व्हायचे. नगरसभेतले गॉरिंज दर गुरुवारी जेवायला यायचे. त्यांचा ऊस वाहून न्यायचा धंदा होता आणि उत्तर भाग गोऱ्यांचाच हवा म्हणणाऱ्या 'गोरं उत्तर' नावाच्या मंडळाचे ते अध्यक्ष होते. ते म्हणायचे की आपण मूठभर माणसं, डोक्यावर नकाशात बघा किती कोटी बसलेत. आज एकीला राहू दिलं की उद्या धक्क्यावर उभं राहायला जागा उरणार नाही. शिवाय ही माणसं आपल्यात मिसळत नाहीत.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तावेत्ती लेहतो बसायचा. हा फिनलंडचा, डोंगरावरच्या लाकडाच्या गिरणीत करवतीवर काम करायचा. एकदा तो म्हणाला, "मी आलो तेव्हा मला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. मला कुणी पेन दिलं नाही."

"तुझी गोष्ट वेगळी," गॉरिंज म्हणाले. "तू मिसळून जातोस."

"मी? इतक्या वर्षांत मी कुणाच्या घरी गेलो नाही. मला माणसं आवडतच नाहीत. गावात कुणी बाळंत झालं की सूप घेऊन जाते ती मिसेस लम."

मी त्यात पडत नसे. पण मला एक आठवत होतं. आमच्याकडचा ऊस पहिल्यांदा लावला तो पॅसिफिकच्या बेटांवरून आणलेल्या माणसांनी. कायदा झाल्यावर त्यांना बोटीत भरून परत पाठवलं. मी तेव्हा लहान होते. ज्या बाईनं मला अंघोळ घालून वाढवलं ती त्या बोटीत होती, आणि ती सहलीला निघाली आहे असं समजून मी धक्क्यावरून आनंदानं हात हलवत होते.

३

परीक्षा आदल्या शुक्रवारी झाली. परीक्षा देणारी बाई, म्हणून खोलीत दुसरी एक बाई असावी, यासाठी मला बोलावलं होतं.

परीक्षा घेणारे सेल्विन ऑर्ड, बंदराचे कस्टम्स अधिकारी. ऑर्डसाहेब म्हणजे नियमाचा दगड. इंग्लंडहून बहिणीनं पाठवलेल्या शालीवर त्यांनी स्वतःकडूनच जकात वसूल केली होती. निवृत्तीला थोडे महिने राहिले होते. तीस वर्षांत त्यांच्या समोर बसलेलं एकही माणूस पास झालं नव्हतं.

त्यांनी जाहीर केलं की परीक्षा फिनिश भाषेत होईल. उतारा त्यांनी स्वतः इंग्रजीत रचला होता आणि त्याच सकाळी लेहतोनं त्याचं फिनिश केलं होतं. वाचणारा लेहतो, तपासणाराही लेहतो. विली लम बाहेर पायरीवर बसला होता. ट्रँटर दाराबाहेर पहाऱ्याला. मेबलला घेऊन मी भिंतीशी बसले, मिसेस लमच्या पाठीमागे जरा तिरकी.

लेहतो घसा खाकरून वाचू लागला. ती भाषा मी पहिल्यांदाच इतकी सलग ऐकली. पत्र्यावर गारा पडाव्यात तशी वाटली. मिसेस लमनं लगेच पेन उचललं. मला तिची पाठ, मान आणि उजवं कोपर तेवढं दिसत होतं. ती घाई न करता, न अडखळता लिहीत होती. लेहतोचं वाचन संपायच्या आधीच तिनं पेन खाली ठेवलं आणि हात मांडीवर घेतले.

ऑर्डसाहेबांनी कागद उचलला, पाहिला आणि लेहतोपुढे धरला. लेहतोनं तो बराच वेळ वाचला. मग त्यानं मान वर केली.

"एकही चूक नाही," तो म्हणाला.

ऑर्डसाहेबांनी कागद पाकिटात घालून वर लाखेची मोहोर मारली. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. बाहेर विलीनं ऐकलं तेव्हा तो उभा राहायचंच विसरला.

संध्याकाळपर्यंत गाव उकळायला लागलं. चिनी बाईला फिनिश कसं आलं? गॉरिंजनी त्याच दिवशी वर तक्रारीची तार केली. आणि तिसऱ्या दिवशी पेपरच नाहीसा झाला.

४

चौकशीला ब्रिस्बेनहून इन्स्पेक्टर एम्रिस पारी आले. बुटके, टक्कल पडलेले, सतत काहीतरी चाचपणारे. बसले की खिशातली पेन्सिल काढायची, पुन्हा ठेवायची. ते माझ्याकडेच उतरले. त्यांच्या खोलीतल्या फळ्या रात्रंदिवस करकरत असायच्या. माणसांशी बोलायचं तर ते माझ्या मागच्या व्हरांड्यात बसून बोलायचे, आणि मी वाटाणे सोलत तिथेच असले तरी त्यांना चालायचं. नंतर कळलं की त्यांना मी हवीच होते. खोलीतला चौथा साक्षीदार ते डोळ्यांआड होऊ देत नव्हते.

गॉरिंज आधी आले. त्यांच्या मते सगळं उघड होतं. उतारा बाईला आधीच कुणीतरी पढवला होता आणि तो फिनच फितूर होता. चोरीही त्याचीच. रविवारी गॉरिंज स्वतः चर्चमध्ये होते, पण प्रवचन अर्ध्यावर आलं असताना बाहेर पडले होते, हे पारींनी त्यांच्याच तोंडून काढून घेतलं. उकडत होतं, असं ते म्हणाले. मग आवाज चढवून म्हणाले, "त्या बाईला पुन्हा बसवा, साहेब. आत्ता. दूध का दूध होईल."

"ते मी कधीही करू शकतो," पारी म्हणाले. "आधी चोर."

विली लम आला तो टोपी हातात चुरगाळतच. रविवारी दुकान बंद ठेवून घरीच होतो, असं त्यानं सांगितलं. चर्चला तो जात नसे. बायकोला फिनिश येतं का, या प्रश्नावर त्यानं टोपी पुन्हा सरळ केली. मग म्हणाला की ती शाळामास्तरांची मुलगी आहे, पुष्कळ शिकलेली आहे. पारींनी तोच प्रश्न पुन्हा केला. विलीनं उत्तर दिलं, "मी तिला काही विचारलेलं नाही, साहेब. पास झाली म्हणाले, मी घरी घेऊन गेलो." त्याच्या कपाळावर घाम होता आणि त्या व्हरांड्यात तर वारा नुसता घोंघावत होता.

लेहतोनं खुर्ची नाकारली. कठड्याला टेकून उभा राहिला. उतारा त्यानं कुणाला दाखवला नव्हता. दाखवायला वेळच कुठे होता. सकाळी साहेबांच्या टेबलावर बसून लिहिला आणि लगेच वाचला. पेपरात खरंच एकही चूक नव्हती का?

"मी म्हणालो ना."

"फिनिशमध्ये एकच अक्षर कुठे एकदा, कुठे दोनदा लिहितात म्हणे. परक्याच्या कानाला ते कळतं?"

लेहतोनं कठड्यावरची राख झटकली. मग म्हणाला, "तिचा कान चांगला असेल." आणि उतरून गेला.

शेवटी ट्रँटर. त्याचं बोलणं लांबलचक आणि बहुतेक निरुपयोगी होतं. पण बोलता बोलता तो म्हणाला की शनिवारी दुपारी कचेरी बंद करताना वरून सांकेतिक भाषेतली तार आली होती. साहेबांनी ती खिशात घातली आणि उलगडून घ्यायला घरी नेली. सोमवारी तिजोरी फुटलेली सापडल्यावरच त्यांनी सांगितलं की तारेत तो पेपर तपासणीला मागवला होता, मेलबर्नमध्ये कुणी फिनिश पंडित आहे त्याच्याकडे.

पारींच्या हातातली पेन्सिल थांबली. "ती संकेतवही कुणाकडे असते?"

"फक्त साहेबांकडे," ट्रँटर म्हणाला आणि बिस्किट घ्यायला हात पुढे केला.

५

त्या दिवशी दुपारच्या चहाला पारी माझ्यासमोर येऊन बसले. म्हणाले, सगळं गाव चोर कोण ते विचारतंय, पण त्याच्या आधी एक गोष्ट ठरायला हवी. तो पेपर बरोबर होता की चुकीचा?

मी म्हटलं, लेहतो तर म्हणाला बरोबर.

"बरोबर असेल तर तो नाहीसा करून लमचा काय फायदा? तोच तर तिचा पुरावा. मग तो गॉरिंजना नको असणार, म्हणजे परीक्षा पुन्हा घेता येईल. पण पेपर चुकीचा असेल, तर तो तिच्या बाजूच्या माणसाला नको असणार. एकाच चोरीला दोन उलटी कारणं आहेत. पेपर कसा होता हे सांगू शकेल असं एकच माणूस उरतं. तुम्ही."

मी हसले. मी तो कागद पाहिलाच नव्हता. कोपर तेवढं पाहिलं होतं.

"मग कोपर दाखवा," ते म्हणाले.

मी चमचा पेनासारखा धरला आणि टेबलक्लॉथवर लिहू लागले. त्यांनी मला थांबवलं. "हे तुमचं कोपर झालं. डावीकडून उजवीकडे चाललंय. तिचं कसं चाललं होतं?"

मी डोळे मिटले. मांडीवर मेबल, तिच्या केसांना तिळाच्या तेलाचा वास, समोर ती ताठ पाठ. माझा हात आपोआप हलायला लागला. वरून खाली आला. पुन्हा वर गेला. पुन्हा खाली. आणि हळूहळू, ओळीमागून ओळ, उजवीकडून डावीकडे सरकला.

डोळे उघडले तेव्हा माझा हात दुधाच्या भांड्याला लागून थांबला होता. विलीच्या दुकानात खारवलेल्या माशांच्या पिंपांवर चिठ्ठ्या लावलेल्या असत. त्या लिहिताना मी तिला शंभरदा पाहिलं होतं.

"ती चिनीत लिहीत होती," मी म्हटलं.

पारींनी हलकेच मान हलवली. ते जराही खूश दिसत नव्हते.

"आणि लेहतोच्या आधी तो कागद कुणी पाहिला?"

उत्तर आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीचं दार लावून घेतलं होतं. ऑर्डसाहेब आपल्या खुर्चीत. लेहतो भिंतीशी. साक्षीदार म्हणून मी. वाऱ्यानं खिडकीची झडप आपटत होती, आणि पारी उठून दोनदा ती लावून आले, तरी ती आपटतच राहिली.

पारी सावकाश बोलले. चिनी अक्षरं ओळखायला चिनी यावं लागत नाही. म्हणजे ऑर्डसाहेबांना कागद हातात आल्याबरोबर कळलं होतं. तरी त्यांनी तो लेहतोपुढे धरला, लेहतोचं उत्तर मान्य केलं आणि स्वतःच्या हातानं मोहोर मारली. मोहोरबंद पाकीट तिजोरीत पडून राहिलं असतं तर कुणाला काहीच कळलं नसतं. ते नाहीसं करायची वेळ आली ती पेपर तपासणीला मागवला तेव्हाच. शनिवारपासून सोमवारपर्यंत ती गोष्ट एकाच माणसाला माहीत होती.

"एक मला सुरुवातीपासून खुपत होतं," ते पुढे म्हणाले. "या गावात इटालियन पाद्री आहे, जर्मन बेकर आहे. बाईला नापासच करायचं होतं तर दोन्ही भाषा चालल्या असत्या. तुम्ही फिनिश निवडलीत. इथून ब्रिस्बेनपर्यंत जिची तपासणी कुणी दुसरा करू शकणार नाही अशी भाषा."

ऑर्डसाहेबांनी चष्मा काढून पुसला. लेहतोला काही माहीत नव्हतं, एवढं त्यांनी आधी सांगितलं. त्याला फक्त म्हटलं होतं की तपासणारा तू, तू म्हणशील ते मी लिहून घेईन.

"पुरेसं होतं," लेहतो म्हणाला.

"का केलंत?" पारींनी विचारलं. आवाजात अधिकार नव्हता; त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

ऑर्डसाहेबांना बोलायची सवय नव्हती. तुकड्यातुकड्यानं त्यांनी सांगितलं. काही वर्षांपूर्वी त्यांच्यापुढे गोव्याचा एक माणूस आला होता, बोटीवरचा स्वयंपाकी. त्यांनी त्याला इंग्रजीत उतारा घातला. त्यानं सुंदर अक्षरात लिहून दिला. वरून निरोप आला की पोर्तुगीज घाला. ती तर त्याला येतच होती. मग फ्रेंच, तीही थोडीफार जमली. शेवटी जर्मन घातली आणि तो नापास झाला. त्यानं पेन पुसून दौतीशेजारी ठेवलं आणि विचारलं, साहेब, पुढच्या वेळी कुठली शिकून येऊ?

"त्याला टोमणा मारायचा नव्हता," ऑर्डसाहेब म्हणाले. "त्याला खरंच वाटलं होतं की ही परीक्षा आहे. आयुष्यभर मी नियम पाळले, मिस्टर पारी. कायद्यात परीक्षा असा शब्द लिहिलाय. जिच्यात पासच होता येत नाही ती कसली परीक्षा? जायच्या आधी एक माणूस पास झालेलं मला बघायचं होतं."

त्यांना वाटलं होतं की ती घाबरून काहीतरी वेडीवाकडी अक्षरं काढेल, तेवढ्यावर निभावता येईल. पण कागद उचलला तर त्यावर चिनी लिपीच्या रेखीव उभ्या ओळी. तो कागद त्यांनी रविवारी चुलीत घातला, आणि चोरी वाटावी म्हणून पहारीनं तिजोरी फोडताना मनगट मुरगळून घेतलं. बाही वर करून त्यांनी सूज दाखवली.

तेवढ्यात ट्रँटरनं दार वाजवलं. पारींच्या नावाची तार होती. त्यांनी वाचली आणि माझ्याकडे सरकवली. पेपर सापडला नसल्यास त्यांनी स्वतः बाईंची परीक्षा पुन्हा घ्यावी, भाषा कुठलीही, असा हुकूम होता.

७

मी तशीच लमच्या दुकानात गेले. खरं तर मला जायचा काही अधिकार नव्हता, पण पाय थांबेनात. मिसेस लम फरसबीच्या जुड्या बांधत होती. मी सगळं सांगितलं. विली मध्ये मध्ये तिला समजावत होता. तिनं जुडी बांधायचं थांबवलं नाही.

तुम्ही चिनीत का लिहिलंत, असं मी विचारलं. ती विलीशी बरंच बोलली. विलीनं सांगितलं की लेहतो वाचायला लागला तेव्हाच तिला कळलं की हे आपल्याला कधीच येणार नाही. मग तिनं वडिलांनी शाळेत पहिल्यांदा घोटून घेतलेल्या ओळी लिहून काढल्या.

शेवटचं वाक्य ती स्वतः इंग्रजीत म्हणाली. "मला लिहिता येतं. त्यांना दिसू दे."

संध्याकाळी पारी माझ्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. पुन्हा परीक्षा घेणं त्यांच्या हातात होतं. नव्हे, तो हुकूमच होता. बाई पहिल्या बोटीनं परत जाणार. मेबल अंगावर पिणारी. ऑर्डसाहेबांना तुरुंग, लेहतोलाही. मी त्यांना विनवलं नाही. जेवण वाढलं, त्यांनी ते तसंच ठेवलं.

मग ते अचानक खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मिसेस ड्वायर, मी दयाळू माणूस नाही. पण मी आमचं ऑफिस ओळखतो. त्यांना सत्य नकोय. त्यांना गप्पगार हवंय सगळं."

त्यांनी गॉरिंजना बोलावून घेतलं. गॉरिंज हात चोळतच आले. पारींनी त्यांना शांतपणे सांगितलं की पुन्हा परीक्षा घ्यायला हरकत नाही. मात्र लमचा वकील कोर्टात जाईल. कोर्टात पहिला प्रश्न असेल की पास झालेल्या बाईची परीक्षा पुन्हा का. दुसरा प्रश्न, चिनी बाईला फिनिश घालायची बुद्धी कुणाला झाली आणि का. वर्तमानपत्रं आठवडाभर हसतील. दोन-तीन वर्षांपूर्वी असंच एक भलत्याच भाषेतल्या परीक्षेचं प्रकरण कोर्टात उलटलं होतं, ते गॉरिंजनी वाचलं असेलच. या वेळी कायद्याचं हसं झालं, तर कुणाच्या तक्रारीमुळे झालं तेही छापून येईल.

गॉरिंज लालबुंद झाले. "म्हणजे ती राहणार?"

"ते मंत्री ठरवतील. तुम्ही तक्रार मागे घेतलीत तर लवकर ठरवतील."

गॉरिंजनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू हे सगळं मीच शिजवलं होतं. पुढच्या गुरुवारपासून ते माझ्याकडे जेवायला यायचे बंद झाले. पण तक्रार त्यांनी मागे घेतली.

पारींनी वर तेच कळवलं, जास्त गोड शब्दांत. पेपर हरवला. अधिकाऱ्याचा हलगर्जीपणा. त्याला लवकर निवृत्त करावं. बाईंना वर्षभराची मुदतवाढ द्यावी, गवगवा नको. चोराचं नाव त्यांनी लिहिलं नाही. वरूनही त्यांना कुणी ते विचारलं नाही. निघताना बोटीच्या शिडीवर ते मला म्हणाले की नोकरीत पहिल्यांदाच त्यांनी एक प्रकरण पूर्ण सोडवलं आणि पूर्ण बुडवलं. त्यानंतर त्यांची गाठ पडली नाही.

८

वर्षभराची मुदतवाढ म्हणजे काय असतं, ते शेजारी राहून मी पाहिलं. दरवर्षी हंगाम संपत आला की मिसेस लम नवं काही घ्यायची नाही. पडदे नाहीत, कोंबड्यांना जाळी नाही. वरून शिक्का येईपर्यंत तिच्या पलंगाखाली पेटी भरलेली असायची. शिक्का आला की पेटी उपसायची, आणि पुन्हा पुढच्या वर्षी भरायची. मेबल शाळेत इंग्रजी कविता पाठ म्हणून बक्षिसं आणायची आणि आईशी चिनी बोलायची लाज धरायची. ऑर्डसाहेब निवृत्तीनंतर बहिणीकडे इंग्लंडला गेले आणि पहिल्याच थंडीत वारले.

मग युद्ध आलं. फिनलंड जर्मनीच्या बाजूला गेला आणि लेहतो एका रात्रीत शत्रू ठरला. पोलिसांनी त्याला गिरणीतून उचलून छावणीत नेलं. चीन मित्रराष्ट्र होतं, त्यामुळे गॉरिंजच्या मंडळातल्या बायका चीनच्या मदतीसाठी मिसेस लमकडे लोकर विणायला बसू लागल्या. तिनं त्यांच्याकडूनच एक जाड स्वेटर विणून घेतला आणि छावणीच्या पत्त्यावर पाठवून दिला. कुणासाठी, ते त्यांना कधीच कळलं नाही. लेहतोनं उलट टपाली कार्ड पाठवलं. त्यावर एवढंच होतं की बाह्या आखूड आहेत.

श्रुतलेखनाचा कायदा गेला तो अठ्ठावन्न साली. त्याच सुमाराला, खूप वर्षं राहिलेल्या आशियाई माणसांना नागरिकत्व मागायची सोय झाली. मेबलनं, जी आता केर्न्सच्या इस्पितळात नर्स होती, आईच्या नावानं अर्ज करून टाकला. चौकशीला एक तरुण अधिकारी आला. गोरापान, घामेजलेला, चांगल्या घरचा मुलगा. शेजारीण म्हणून मलाही बसवलं होतं.

घरात कुठली भाषा बोलता, काय शिजवता, गावातल्या लोकांत मिसळता का, असं तो विचारत होता. मिसेस लम आता साठीकडे झुकली होती. तिचं इंग्रजी तुटक होतं पण अडत नव्हतं. माझ्याकडे वळून त्यानं विचारलं की या बाई आपल्यासारख्या राहतात का.

"आपल्यासारख्या म्हणजे कुणासारख्या?" मी विचारलं. तो गोंधळला आणि पुढच्या प्रश्नाकडे गेला.

शेवटी तो खूप मायेनं म्हणाला, "मग, मिसेस लम, तुम्हाला कायमचं इथं राहायला आवडेल का?"

ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. मला वाटलं तिला प्रश्न कळला नाही. मी सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात तिनं हातानं मला थांबवलं.

"बावीस वर्षं," ती म्हणाली, "दरवर्षी विचारतात, कधी जाणार. तू पहिला. विचारतो, राहायचं का."

तो ओशाळला. काहीतरी बोलला, की सही इथं करायची, लगेच होऊन जाईल.

मिसेस लमनं चष्मा लावला, पेन हातात घेतलं, कागद पाहिला, मग चष्मा काढला आणि पेन पुन्हा टेबलावर ठेवलं.

"विचार करून सांगते," ती म्हणाली. "तू पत्ता ठेव. मी कळवते."

त्याला काय करावं कळेना. तो बिचारा पत्ता लिहून देऊन निघून गेला. मेबल आईवर खूप चिडली. मी मात्र त्या दुपारी तिच्याबरोबर बाजारात गेले. तिनं खिडकीचं माप बरोबर आणलं होतं, आणि पडद्याचं कापड निवडायला तिनं दुकानदाराला संध्याकाळपर्यंत खोळंबवून ठेवलं.